एवाझिओचा डावा तळहात

मला ऐकू येत नाही. विचारायचं ते लिहून विचारा.
चाळीस वर्षं पत्रा ठोकला की आधी कान जातात,
मग धुक्यातून ट्रामसुद्धा मुकी येते.

एवाझिओ क्रावेरो. हो, तोच.
कारखाना तोरिनोत, साबणवाल्याच्या मागच्या अंगाला,
त्यामुळे रंग लागेपर्यंत
आमच्या गाड्यांना लिंबाचा वास यायचा.

तो भिंतीवर काढायचा गाडी,
कोळशाने, पूर्ण मापाची, चालत चालत.
पुढच्या दिव्यापासून निघायचा
तो मागच्या चाकापर्यंत एकाच श्वासात.
श्वास मध्ये तुटला की ओलं फडकं,
आणि पुन्हा दिव्यापाशी.
ओत्ताविया डबा घेऊन दारात:
"आज कितवा श्वास?"
तेव्हा मला ऐकू यायचं.

मग ती रेघ माझ्याकडे यायची.
ओकच्या ओंडक्यातला खळगा, वाळूची पिशवी, लाकडी हातोडा.
टाकीचे घाव सोसले की दगडाला देवपण येतं म्हणतात.
पत्र्याचं तसं नाही.
एक घाव जास्त झाला की तो ताणतो, फुगतो, रुसतो,
मग बसा समजूत काढत.

दिवेलागणीला तो यायचा, डाव्या हातात सुती मोजा,
डोळे मिटून मडगार्डवरून तळहात फिरवायचा,
तापलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.
हात थांबला तर तिथे माझी चूक.
बोलायचा नाही. खडूचं एक टिंब.
आमचं सगळं बोलणं टिंबांतच झालं.

चांदीच्या रंगाची ती, जिनिव्हाला फिरत्या चौथऱ्यावर ठेवलेली,
मासिकांच्या मुखपृष्ठांवर आलेली:
सात विकल्या. त्यातल्या एकीचे पैसे बुडाले.
हिरवी, पंखासारख्या दारांची: नऊ.
पाववाल्यांसाठी एका रात्रीत काढून दिलेली डबागाडी
एकतीस हजार.
तिच्यावर त्याने सही केली नाही.

आणि पगार?
पगार मेलेले द्यायचे.
आस्ती, कुनेओ, सालुत्सो,
गावोगावच्या अंत्यविधीवाल्यांना आम्ही शववाहिका बांधून द्यायचो,
काळ्या, मोठ्या काचांच्या.
त्याही तो भिंतीवर तशाच काढायचा, त्याच श्वासात.
एकदा मी म्हटलं,
आतल्याला काय कळतंय छप्पर कुठे उतरतं ते?
म्हणाला, मागून चालणाऱ्यांना कळतं.
ते तासभर तेवढंच बघतात.

पुढचं सगळ्यांचंच झालं तसं झालं.
बँक आली. मग मोठी कंपनी आली,
तिने नाव विकत घेतलं, भिंत घेतली नाही.
त्याची पितळी अक्षरं आता कुठल्याही छोट्या गाडीच्या दारावर
जादा पैसे मोजून मिळायची.
त्याला काचेचं टेबल दिलं होतं.
त्यावर कोळसा चालत नाही, म्हणाला,
आणि वर्षभराने घरी बसला.

नोव्हेंबरात गेला.
पुतण्याने नवी गाडी ठरवली होती, व्हॅनच ती, मागून कापलेली.
मी सालुत्सोला गेलो. आमची एक तिथे कोंबड्यांच्या खुराड्यात होती,
टपावर विष्ठा, काचेवर अंडं फुटलेलं.
ट्रॅक्टरने बाहेर ओढली. दोन दिवस धुतली.
इंजिन काही धरेना,
शेवटी ट्रॅक्टरनेच ओढत नेलं त्याला, लोक हसू दाबत होते.

मी मागे.
घंटा वाजत असेल. मला काय.
मी तेवढंच बघत होतो:
छप्पर उतरतं, उतरतं, कुठे संपतं ते कळत नाही,
आणि उजव्या अंगाला, काचेच्या वर,
एक खळगा.
कागदाच्या जाडीचा. माझ्या हातचा.
त्याने खूण केली नव्हती.

घाईत असेल. नोव्हेंबरात माणसं जास्त मरतात,
गिऱ्हाईक दारात उभं असेल.
की हात फिरवला, थांबला,
आणि खडू खिशातच ठेवला?

चढ लागला.
मोजा नव्हता माझ्याकडे.
उघडाच तळहात तिथे टेकवला
आणि चालत राहिलो,
बघणाऱ्याला वाटलं, म्हातारा ढकलतोय.